शुद्धिपत्र पुस्तकातच छापा : सॉल्ट लेक सिटीच्या अध्यक्षमंडळास खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि दोन्ही सल्लागार,
द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स,
सॉल्ट लेक सिटी, युटा

स. न. वि. वि.

मी पुण्याचा एक निवृत्त मुद्रितशोधक. 38 वर्षं प्रुफं वाचली. पाठ्यपुस्तकं, पोथ्या, दिवाळी अंक, लग्नपत्रिका, जे समोर येईल ते. गेले पाच महिने लेकीकडे युटामधल्या लीहाय गावी मुक्काम आहे. गावाचं नाव आपल्याच ग्रंथातल्या लीहाय या संदेष्ट्यावरून ठेवलेलं आहे, हे मला इथे येईपर्यंत ठाऊक नव्हतं. पत्र मराठीत लिहितो आहे, कारण ज्या कामाबद्दल बोलायचं आहे ते मी आयुष्यभर मराठीत केलं. लेक त्याचं इंग्रजी करून आपल्या कार्यालयाला पाठवणार आहे. मूळ मराठी सगळ्यांसमोर ठेवतो आहे, कारण पवित्र ग्रंथात चूक सापडली तर करायचं काय, हा प्रश्न आमच्याकडेही मिटलेला नाही.

आपल्या सदस्यांना 'मॉर्मन' म्हणू नये, अशी विनंती आपण 2018 साली केली. ती मी पाळतो. या पत्रात तो शब्द येईल तो ग्रंथाच्या नावापुरता.

मे महिन्यात एका संध्याकाळी आपल्या चर्चची दोन प्रचारक मुलं दाराशी आली. पांढरे सदरे, छातीवर काळा बिल्ला, त्यावर 'एल्डर' आणि आडनाव. एल्डर म्हणजे वडीलधारा. मुलं जेमतेम 19 वर्षांची. बूट काढू का, असं त्यांनी आपणहून विचारलं. हिने चहा टाकला होता. तो त्यांना चालत नाही, म्हणून नको म्हणाले. पण शंकरपाळे मात्र वाटीभर खाल्ले. निघताना निळ्या कव्हरचं 'बुक ऑफ मॉर्मन' हातात दिलं आणि शेवटाकडचं एक वचन उघडून दाखवलं, मोरोनाय 10:4. हे वाचा आणि खरं आहे की नाही ते देवाला विचारा, असा त्याचा आशय. मोठा दिसणारा मुलगा म्हणाला, "तुम्ही मनापासून वाचा, एवढंच आमचं सांगणं आहे."

मी मनापासून वाचलं. मला वाचायची एकच रीत येते, पेन्सिल हातात धरून. समोर मूळ प्रत ठेवायची आणि ओळीला ओळ लावत जायची. मूळ प्रत आपणच दिलीत. 1830 सालची पहिली आवृत्ती आणि उरलेल्या हस्तलिखितांची छायाचित्रं 'जोसेफ स्मिथ पेपर्स' या प्रकल्पातून आपण सगळ्या जगाला मोफत खुली केली आहेत. लेकीने ती मोठ्या पडद्यावर उघडून दिली आणि मी बसलो. उन्हाळा त्यातच गेला.

मराठी वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. न्यूयॉर्क राज्यातल्या पॅल्मायरा गावाजवळच्या टेकडीत आपल्याला सोन्याचे पत्रे मिळाले, असं जोसेफ स्मिथ या तरुणाचं सांगणं होतं. मोरोनाय नावाच्या देवदूताने ते दाखवले. त्यावरचा मजकूर देवाच्या सामर्थ्याने इंग्रजीत आणला, असं तो म्हणे. 1829च्या वसंतात आणि उन्हाळ्यात त्याने बहुतेक मजकूर तोंडी सांगितला आणि मुख्यतः ऑलिव्हर काउडरी याने तो लिहून घेतला. इसवी सनापूर्वी 600च्या सुमारास जेरुसलेम सोडून अमेरिकेत पोहोचलेल्या कुटुंबाची आणि त्यांच्या वंशजांची ही हजार वर्षांची कथा. आपल्या सदस्यांच्या लेखी ती बायबलच्या जोडीची आहे.

लिहून घेतलेल्या मूळ प्रतीवरून छापखान्यासाठी दुसरी नक्कल केली गेली. ग्रँडिन यांच्या छापखान्यात 5000 प्रती निघाल्या. खर्चाच्या 3000 डॉलरसाठी मार्टिन हॅरिस या शेतकऱ्याने आपली जमीन गहाण टाकली. आणि खिळे जुळवले जॉन गिल्बर्ट यांनी. या गिल्बर्ट यांच्याबद्दल वाचताना मी थबकलो. हस्तलिखितात विरामचिन्हं जवळजवळ नव्हतीच. एक वाक्य कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं, हे ठरवायला कुणी नव्हतं. गिल्बर्ट ती पानं रात्री घरी नेत, पेन्सिलीने विरामचिन्हं घालत आणि सकाळी परत आणत. व्याकरणाच्या चुका दुरुस्त करू का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा आहे तसंच जुळवा, असं उत्तर मिळालं. हे गृहस्थ मला पुरते ओळखीचे आहेत. अशी पानं मीही घरी आणली आहेत, तसाच प्रश्न विचारला आहे आणि तसंच उत्तर घेऊन परत आलो आहे. आज ज्या पानांना आपण ईश्वरी मानता, त्यांच्यावरचा पहिला स्वल्पविराम पॅल्मायरातल्या एका कंपोझिटरचा आहे. त्यात कमीपणा काहीच नाही. पण ही गोष्ट दारात आलेल्या त्या मुलांना ठाऊक नव्हती.

आता मुद्द्यावर येतो. पहिला नीफाय हा ग्रंथातला पहिला भाग; त्याचा अध्याय 12, वचन 18. एक भयंकर दरी लोकांना विभागते आणि ती दरी म्हणजे सनातन देवाच्या न्यायाचा 'शब्द', असं आजच्या निळ्या पुस्तकात छापलेलं आहे. वाचताना ठेच लागते. शब्द दरीसारखा माणसांच्या मधे कसा पडेल? मूळ हस्तलिखित बघितलं तर तिथे 'तलवार' आहे, न्यायाची तलवार. इंग्रजीत या दोन शब्दांच्या स्पेलिंगमधे फरक फक्त एका 'एस'चा. तलवारीचा पहिला 'एस' गळला की मागे 'शब्द' उरतो. छापखान्यासाठी नक्कल करताना तो गळला आणि तेव्हापासून गळलेलाच राहिला. ग्रंथात इतरत्र न्यायाची तलवार अनेकदा येते. न्यायाचा शब्द असा इथेच. ब्रिगहॅम यंग विद्यापीठातले प्राध्यापक रॉयल स्कौसेन 1988पासून या हस्तलिखितांचा अक्षर न् अक्षर ताडून पाहत आले. 2009 साली येल विद्यापीठाने छापलेल्या त्यांच्या आवृत्तीत तलवार परत जागेवर आली आहे. आपल्या आवृत्तीत ती अजून आलेली नाही.

मूळ हस्तलिखित 1841 साली नॉव्हू गावातल्या एका इमारतीच्या कोनशिलेत ठेवलं गेलं. 1882 साली दगड उघडला तेव्हा ओल लागून ते बहुतेक नासलं होतं. आज त्याचा साधारण 28 टक्के भाग उरला आहे. त्या उरलेल्या तुकड्यांत ही तलवार आहे! छापखान्याची प्रत आपण 2017 साली साडेतीन कोटी डॉलर मोजून विकत घेतली. हस्तलिखिताचं मोल कळत नाही, असं आपल्याबद्दल कुणी म्हणू शकणार नाही. मग ज्या पानांसाठी एवढं मोजलं, त्यांच्यातून कळलेली गोष्ट रोजच्या पुस्तकात येऊ नये, याचा मला मनापासून त्रास होतो.

ही झाली नजरचूक. तिचा दोष कुणालाच देता येत नाही. नक्कल करणाऱ्या प्रत्येकाच्या हातून ती होते. दुसऱ्या जातीचे बदल वेगळे आहेत, कारण ते जाणून केलेले आहेत. पहिला नीफाय 11:18 मधे 1830 साली कुमारीला, म्हणजे येशूच्या आईला, 'देवाची माता' म्हटलं होतं. 1837च्या आवृत्तीत ती 'देवाच्या पुत्राची माता' झाली. त्याच अध्यायात कोकऱ्याला, म्हणजे येशूला, 'सनातन पिता' म्हटलं होतं, तो 'सनातन पित्याचा पुत्र' झाला. देव आणि पुत्र एकच की वेगळे, हा आपल्या धर्मविचाराचा कणा. त्याच्यावरच ही दुरुस्ती पडली आहे. अर्थ फक्त स्पष्ट केला, असं आपले अभ्यासक म्हणतात. असेलही. मूळ लेखकाला आपला मजकूर स्पष्ट करायचा हक्क असतो. पण इथे मूळ लेखक जोसेफ स्मिथ नव्हे, तो केवळ अनुवादक, अशीच तर आपली शिकवण आहे.

मोसाया 21:28 मधे 1830च्या आवृत्तीत, प्राचीन लेख वाचण्याची देणगी राजा बेंजामिन याला होती असं म्हटलं आहे. पण त्या कथेत बेंजामिन 15 अध्याय आधीच वारलेला असतो. 1837 साली तिथे त्याच्या मुलाचं, मोसायाचं नाव आलं. ईथर 4:1 मधलं बेंजामिनचं नाव 1849पर्यंत तसंच राहिलं. बेंजामिन तोवर जिवंत असू शकेल, असा वर्षांचा हिशेब काहींनी मांडला आहे, तोही मी वाचला. तो खरा असेल तर दुरुस्ती चुकीची ठरते. दुरुस्ती बरोबर असेल तर हिशेब फसतो. दोन्ही एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत, आणि वाचकाला निवड करायला पानावर काहीच दिलेलं नाही.

जेरल्ड आणि सँड्रा टॅनर या टीकाकार दांपत्याने 1830ची आवृत्ती बऱ्याच नंतरच्या आवृत्तीशी ताडून 3913 बदल मोजले आणि तो आकडा पुढे हत्यारासारखा वापरला गेला. मी तसा वापरणार नाही. त्यातले बहुतेक बदल व्याकरणाचे आणि शुद्धलेखनाचे आहेत, आणि तेवढे बदल आमच्याकडच्या कुठल्याही जाड ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत होतात. खटकतं ते एवढंच, की 1981च्या आवृत्तीत आपण एक छोटी सूचना छापली: मागच्या आवृत्त्यांत काही किरकोळ चुका राहून गेल्या होत्या, त्या आता दुरुस्त केल्या आहेत. कुठल्या, त्याची यादी नाही. माझ्या धंद्यात याला शुद्धिपत्र म्हणत नाहीत. शुद्धिपत्रात पान असतं, ओळ असते, 'अशुद्ध' आणि 'शुद्ध' असे दोन रकाने असतात. वाचक आपल्या हातातल्या प्रतीवर स्वतः दुरुस्ती करू शकतो. त्यानेच त्याचा विश्वास टिकतो.

त्याच 1981च्या आवृत्तीतला एक बदल मला आमच्या स्वयंपाकघरात भेटला. ही रोज संध्याकाळी विचारायची, आज काय वाचलंत, आणि मी तिला तोंडी मराठी करून सांगायचो. दुसरा नीफाय 30:6. उद्या लेमनाइट लोक (त्या कुटुंबातल्या लेमनचे वंशज) पश्चात्ताप करतील आणि ते 'शुद्ध आणि मनोहर' होतील, असं मी सांगितलं. छान आहे, ती म्हणाली. मग 1830ची प्रत पाहिली. तिथे होतं 'गोरे आणि मनोहर'. मी ते वाचून दाखवलं. तिचा हात परातीत कणीक मळता मळता थांबला. आमच्या घरात सावळेपणावरून मुलींना काय ऐकावं लागतं, ते तिने स्वतः सोसलं आहे. ती म्हणाली, "म्हणजे आधी गोरं म्हणाले आणि मग पुसलं?" जोसेफ स्मिथ यांच्या हयातीत, 1840 साली, एकदा 'शुद्ध' हा पाठ आला होता, पुढच्या आवृत्त्यांनी तो सोडला आणि 1981 साली तो परत आणला, हे मी तिला समजावलं. पण दुसरा नीफाय 5:21 मधे शाप म्हणून दिलेली काळी कातडी अजून तशीच आहे, हेही सांगावं लागलं. कातडीचा अर्थ लाक्षणिक घ्यावा, असं आजकाल सांगतात. मी अनुवाद करून पाहिला. मराठीत तो अर्थ त्या वाक्यातून निघत नाही.

बायबलकडून आलेल्या मजकुराबद्दल फार बोलत नाही, कारण त्यावर जाणकारांनी भरपूर लिहिलं आहे. दोनच जागा सांगतो. दुसऱ्या नीफायमधे बायबलमधल्या यशया या संदेष्ट्याचे 13 अध्याय सलग येतात आणि त्यांची भाषा 1611 सालच्या इंग्रजी किंग जेम्स बायबलची आहे. यशया 9:1 मधे त्या अनुवादकांनी एका हिब्रू क्रियापदाचा अर्थ 'जबर पीडा दिली' असा घेतला; नंतरच्या अनुवादांत तो 'गौरव केला' असा आहे. ती पीडा नीफायच्या पुस्तकात जशीच्या तशी उतरली आहे, शिवाय तिथल्या समुद्राला 'तांबडा' हे विशेषण जास्तीचं लागलं आहे. वचन उत्तर इस्रायलमधल्या गालीलबद्दल आहे. तांबडा समुद्र तिथून साडेतीनशे किलोमीटरहून जास्त दक्षिणेला. आणि दुसरी जागा मॉर्मन 9:22 ते 24. तिथे येशूच्या तोंडी बायबलमधल्या मार्कच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायातलं जे बोलणं आहे, ते सिनाइटिकस आणि व्हॅटिकानस या चौथ्या शतकातल्या ग्रीक हस्तलिखितांत नाही. मार्कचं पुस्तक त्यांत आठव्या वचनावरच थांबतं. एक गोष्ट आपल्या बाजूचीही लिहून ठेवतो. यशया 9:3 मधे किंग जेम्समधे एक चुकीचा 'नाही' आहे आणि नीफायच्या पुस्तकात तो गळलेला आहे. तिथे पुस्तक बरोबर आणि किंग जेम्स चूक. पण एकूण ताळा केला, तर उतरवून घेणाऱ्यासमोर इंग्रजी बायबल होतं किंवा ते त्याच्या कानात होतं, याखेरीज दुसरा निष्कर्ष मला काढता येत नाही. हे पुस्तक एकोणिसाव्या शतकाच्या अमेरिकेत रचलं गेलं, असं माझं मत झालं आहे. ते मी लपवत नाही. आपलं मत वेगळं असणार, आणि हे पत्र त्या वादासाठी नाही.

आपल्या दुसऱ्या एका पवित्र ग्रंथाबद्दल, अब्राहमच्या पुस्तकाबद्दल, मात्र थोडं थांबावं लागेल. 1835 साली ओहायोमधल्या कर्टलंड गावी मायकेल चँडलर नावाच्या फिरत्या माणसाकडून इजिप्तच्या ममी आणि पपायरस (लव्हाळ्याच्या कागदावरचे जुने लेख) 2400 डॉलरला विकत घेतले गेले. जोसेफ स्मिथ यांनी त्यातून अब्राहमचं पुस्तक आणलं आणि 1842 साली तीन चित्रांसह छापलं. शाँपोलियाँने चित्रलिपीचं कोडं 1822 साली फोडलं होतं, पण अमेरिकेत ती वाचणारा तेव्हा कुणी नव्हता. नंतर ते पपायरस शिकागोच्या 1871च्या आगीत गेले असं सगळे समजत होते. 1966 साली अझीझ अतिया या प्राध्यापकांना त्यातले तुकडे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात दिसले आणि 27 नोव्हेंबर 1967 रोजी ते आपल्याकडे परत आले. 1968च्या सुरुवातीलाच आपण त्यांची छायाचित्रं छापलीत, याबद्दल आपला आदर वाटतो. वाचल्यावर निघालं असं, की होर नावाच्या एका इजिप्शियन पुरोहिताच्या आणि आणखी काही जणांच्या मृतदेहांसोबत ठेवलेले ते अंत्यविधीचे लेख आहेत, अब्राहमच्या काळानंतर हजारभर वर्षांहून अधिक काळाने लिहिलेले.

काही लोक म्हणतात, अब्राहमचा मजकूर जळालेल्या भागात असेल. ठीक, तो प्रश्न सोडून देऊ. पण तिसरं चित्र पुस्तकात आजही छापलेलं आहे, आणि त्याच्या खुणा कुणालाही तपासता येतात. मी ते भिंग लावून पाहिलं. सिंहासनामागे एक स्त्री उभी आहे, घट्ट पायघोळ वस्त्रातली. तिच्यावर क्रमांक 2. खालचं स्पष्टीकरण सांगतं, हा राजा फारो, त्याचं नाव त्याच्या डोक्यावरच्या अक्षरांत दिलेलं आहे. इजिप्तची लिपी जाणणाऱ्यांना त्या अक्षरांत वाचायला मिळतं ते नाव इसिस देवीचं, देवाच्या मातेचं. फारोचा राजपुत्र म्हणून दाखवलेली आकृती ही 'मात' नावाची देवी. शुलेम नावाचा राजाचा सेवक म्हणून दाखवलेला माणूस तो होर स्वतः. नाव कुठे लिहिलंय, हे स्पष्टीकरण बोट ठेवून सांगतं, आणि बोटाखालचं नाव वेगळं निघतं. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या देव्हेरिया यांनी एकोणिसाव्या शतकातच ही विसंगती दाखवून दिली होती.

आपण 2014 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, या तुकड्यांवरच्या अक्षरांत अब्राहमचं नाव किंवा त्याच्या पुस्तकातली कुठलीही घटना नाही, असं स्वच्छ म्हटलं आहे. 2013च्या आवृत्तीत प्रस्तावनेतलं वाक्यही बदललं. आधी 'इजिप्शियन पपायरसांवरून केलेला अनुवाद' असं होतं, तिथे आता 'अब्राहमच्या लेखनाचा ईश्वरप्रेरित अनुवाद' आहे. पण त्याच पुस्तकात पहिल्या वचनाच्या वरचं शीर्षक जुनंच आहे: अब्राहमने स्वहस्ते पपायरसवर लिहिलेलं. प्रस्तावना एक सांगते, शीर्षक दुसरं, चित्राखालचा मजकूर तिसरं. असं प्रूफ माझ्यासमोर आलं असतं, तर मी सही न करता परत पाठवलं असतं.

'बुक ऑफ मॉर्मन'च्या प्रस्तावनेतही असंच झालं. लेमनाइट हे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचे 'प्रमुख पूर्वज' होते, असं 1981 साली छापलं होतं. 2007च्या सुमारास ते 'पूर्वजांपैकी' झाले. एका शब्दाचा फेर. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं की तुम्ही लीहायची लेकरं, त्यांना या फेराबद्दल कुणी बसवून सांगितलं का?

हे सगळं मी का लिहितो आहे, ते सांगतो. आमच्या शेजारच्या बाई आपल्या चर्चच्या आहेत. आम्ही आलो त्या आठवड्यात त्या घरी भाजलेला पाव घेऊन आल्या. माझी कंबर धरली तेव्हा त्यांनीच मला डॉक्टरकडे नेलं. त्यांचा मुलगा दोन वर्षं परदेशात प्रचार करून आला. त्या तिसऱ्या चित्राबद्दल तिथे एका अनोळखी माणसाने त्याला विचारलं, तेव्हा हे सारं धर्माच्या शत्रूंनी रचलेलं आहे, असं त्याने पूर्ण विश्वासाने सांगितलं. परत आल्यावर त्याने आपलाच निबंध वाचला. आज तो चर्चमधे जात नाही आणि रविवारी घरीही येत नाही. बाई मला कुंपणापाशी म्हणाल्या, "चुका आहेत म्हणून तो गेला नाही. त्याच्या तोंडून आम्ही खोटं बोलवून घेतलं, असं त्याला वाटतं." मी त्यांना काय सांगणार? मी त्यांच्या धर्माचा नाही. पण एखादी चूक आपल्याला माहीत असून दुसऱ्याच्या नावाने छापली गेली की पोटात कसं होतं, ते मला चांगलं माहीत आहे.

आमच्याकडे काय केलं गेलं, ते फार वरच्या सुरात सांगणार नाही. ज्ञानेश्वरांचा ग्रंथ तीनशे वर्षं हातांनी उतरवला जात होता. पैठणच्या एकनाथ महाराजांनी त्याच्या प्रती ताडून शके 1506 मधे, म्हणजे 1584 साली, शुद्ध प्रत केली. ग्रंथ मुळात शुद्धच होता, पण नकलांत पाठ बिघडले, ते आपण शोधून नीट केले, असं त्यांनी शेवटी ओव्यांत लिहून ठेवलं, साल आणि स्वतःच्या नावासह. वारकरी त्यांना त्याबद्दल डोक्यावर घेतात. पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम 1919 साली हाती घेतलं आणि ते 1966 साली पुरं झालं. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी घालून दिलेली शिस्त अशी, की हस्तलिखितांच्या आधारावर टिकणारा पाठ वर आणि प्रत्येक पाठभेद त्याच पानावर खाली. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं, ही लहान मुलांनाही पाठ असलेली कथा पुराव्यावर टिकली नाही, म्हणून परिशिष्टात गेली. हे काम झालं ते पुणं गणपतीचं गाव आहे. त्या गावात गणपतीला काही कमी पडलं नाही. सांगणारा, लिहून घेणारा आणि मधे गळलेली अक्षरं ही आपलीही कथा आहे, म्हणून हा दाखला दिला.

आणि त्याच भांडारकर संस्थेवर जानेवारी 2004मधे जमाव चालून गेला, कपाटं फोडली, हस्तलिखितं जमिनीवर आली, हेही सांगितलं पाहिजे. एका पुस्तकातल्या मजकुरावरून ते झालं. त्या दिवसांत मी संस्थेबाहेरच्या रस्त्यावर उभा राहून बघितलं आहे. संशोधनाची भीती घातली की लोक काय करू शकतात, याची आठवण मला अमेरिकेत आल्यावर पुसता येत नाही. म्हणून सप्टेंबर 1993मधे आपल्या सहा लेखक-अभ्यासकांवर झालेल्या कारवाईबद्दल वाचलं, तेव्हा वाईट वाटलं. इथे दगड फेकले गेले नाहीत, हे खरं. पण त्यांतल्या पाच जणांना चर्चमधून बाहेर काढलं गेलं.

त्यानंतर आपण बरंच उघडं केलंत. हस्तलिखितांची छायाचित्रं, 2013पासूनचे निबंध, अनुवाद सांगताना स्मिथ यांनी टोपीत ठेवून पाहिलेल्या दगडाचं 2015 साली छापलेलं चित्र. हे करायला धैर्य लागतं आणि ते मी मानतो. पण हे सगळं ज्ञान जाड खंडांत आणि संकेतस्थळाच्या आतल्या पानांत आहे. दारात येणाऱ्या मुलाच्या हातात मात्र ते निळं पुस्तक आहे, आणि त्याच्या प्रस्तावनेत पृथ्वीवरच्या कुठल्याही पुस्तकाहून अधिक अचूक असं हे पुस्तक, हे स्मिथ यांचं 1841चं वाक्य.

माझी मागणी त्या निळ्या पुस्तकापुरती आणि अब्राहमच्या पुस्तकातल्या तिसऱ्या चित्रापुरती आहे. निळ्या पुस्तकात तळटिपा आधीपासून आहेत, भरपूर आहेत. त्यांत जागा करा. पहिला नीफाय 12:18च्या खाली छापा: मूळ हस्तलिखितात 'तलवार'. 11:18च्या खाली: 1830 साली 'देवाची माता'. मोसाया 21:28च्या खाली बेंजामिन. दुसरा नीफाय 30:6च्या खाली 'गोरे', आणि तो शब्द कुठल्या आवृत्तीत होता ते. अब्राहमच्या पुस्तकात तिसऱ्या चित्रासमोर आणखी एक रकाना घाला आणि इजिप्तचे जाणकार त्या अक्षरांत काय वाचतात ते आपल्या स्पष्टीकरणाच्या शेजारी मांडा. आपला अर्थ काढून टाका असं मी म्हणत नाही. पानाच्या खालच्या बाजूला चार ओळी लागतील. आणि प्रोव्होच्या प्रचारक प्रशिक्षण केंद्रात या मुलांना पाठवण्याआधी कुणीतरी मोठ्या माणसाने समोर बसवून हे सांगा, म्हणजे ते त्यांना अनोळखी माणसाकडून कळणार नाही.

गेल्या आठवड्यात ती दोन मुलं पुन्हा आली. त्यांची बदली दुसऱ्या गावी होणार होती, निरोप घ्यायला आली होती. मी माझी पेन्सिलने भरलेली प्रत त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हणालो, तुम्ही मनापासून वाचायला सांगितलं होतं, ते केलं. मोठा जरा अवघडला. धाकटा पानं उलटत राहिला आणि 'तलवार'पाशी थांबला. मी पडद्यावर हस्तलिखिताचं ते पान काढून दिलं. तपकिरी पडलेला कागद, कडा झिजलेल्या. त्याने दोन बोटांनी चित्र मोठं केलं आणि एकेक अक्षर ओठांतल्या ओठांत वाचलं, एस, डब्ल्यू, ओ. बराच वेळ तो तिथेच बघत होता. मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "हे आपल्याकडेच आहे, तर अजून दुरुस्त का केलं नाही?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याचा प्रश्न जसाच्या तसा आपल्याकडे पाठवतो आहे.

कळावे.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक
पुणे (सध्या मुक्काम लीहाय, युटा)